बारा घरांची सावड

बबनदादा वायरमन कुठल्याही मोटारीला पहिला हात लावायचा तो पालथा. त्याचं कारण त्यानं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "सुलटा हात लोभी असतो, मोहनराव. झटका बसला की मूठ आवळतो नि चिकटून बसतो. पालथा हात मागं येतो." महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी तेव्हा नवा होतो. हातात डिप्लोमा होता, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. तो पालथा हात ठेवून सांगायचा, "हिला ताप हाय, पंधरवड्यात जळंल." मी मीटर लावून सांगायचो, सगळं ठीक आहे. पंधरवड्यात मोटार जळायची. तो मला कधी "बघा, सांगितलं होतं" म्हणाला नाही. मुकाट्यानं नवी मोटार चढवायचा आणि जेवायला जायचा.

हल्ली कुणाबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं की मला थकवाच येतो. चांगल्या माणसाचं पुढं काय झालं ते सांगावं लागतं ना! पण बबनदादाबद्दल कुणी लिहिणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याच्या वाडीत आता वाचायलाही कोणी नाही.

वाडी म्हणजे टेपवाडी. वरंधच्या वर, घाटाचा रस्ता सोडून अर्धा तास चढायचं. तेवीस घरं. बबनदादा पहाटे ती चढण उतरायचा, गाडी पकडायचा आणि पहिल्या पाळीला आमच्याआधी हजर असायचा. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. जेवायचा उभ्यानं. कँटीनमध्ये खुर्च्या रिकाम्या असल्या तरी हा भिंतीला पाठ लावून उभा. "बसा की हो," म्हटलं तर म्हणायचा, "खुर्चीत बसला की माणूस हुकूम सोडतो. मला सवय नाय लागाय पायजे."

दर सोमवारी तो आल्या आल्या एक आकडा सांगायचा. "सात." पुढच्या सोमवारी, "सातच." मग एकदा, "सहा." मला वाटलं कोंबड्या असतील, मुंगूस नेत असेल. पुष्कळ महिन्यांनी कळलं की तो वाडीतली उघडी दारं मोजत होता. तेवीसातली बाकीची कुलुपात. माणसं मुंबईला, कोण नालासोपाऱ्याला, कोण दिव्याला. गणपतीला आणि शिमग्याला सगळी दारं उघडायची, चार दिवस चुली पेटायच्या आणि पुन्हा कुलपं. उरलेल्या सहापैकी पाच दारांत म्हातारी माणसं होती आणि एकात हा. बायको वारलेली. मुलगी वनिता मुंबईत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला.

"घर माणसावाचून चार पावसाळं काढतं," तो म्हणायचा. "पाचव्याला वासा बसतो. नि माणूस उगाच कशाला राहील? दार उघडं राहायला कारण पायजे."

हे कारण त्याला वनितानं आणून दिलं. मला ते कळलं महाडजवळच्या सव गावात. तिथल्या गरम पाण्याच्या कुंडाशी तो दर रविवारी गुडघे शेकायला यायचा, मी आपला सुट्टी म्हणून गेलो होतो. पाण्यात पाय सोडून तो म्हणाला, "मोहनराव, एक नाणं असतं म्हणं, कागदाचं नाय नि धातूचं नाय. तुमाला म्हाईत हाय?"

मला ऐकून माहीत होतं. त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या नाण्याची एक वही असते, कुणी कुणाला किती दिलं त्याची. ती कुठल्या बँकेत नसते. जगभर हजारो यंत्रं मिळून ती लिहितात. पुढचं पान लिहायचं म्हणजे एक अवघड कोडं सोडवायचं, आणि ज्याच्या यंत्राला ते आधी सुटेल त्याला त्या पानाची बिदागी, नवी नाणी. वनितानं हे सांगितल्यावर त्यानं तिला एकच प्रश्न विचारला होता.

"वही कुणाच्या घरात असते?"

"कुणाच्याच नाय, बाबा. सगळ्यांच्या."

"म्हणजे तलाठी नाय?"

"तलाठी नाय."

तलाठी नसलेली वही! हे त्याला इतकं आवडलं की मला सांगताना तो कुंडाच्या पायरीवर चक्क बसला. वनिताच्या दुकानात एका मोठ्या गिऱ्हाइकानं नवी यंत्रं घेऊन जुनी काढली होती, स्वस्तात मिळत होती. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळानं सभामंडपासाठी जमवलेले पैसे त्यात घातले. कसे घातले ते देव जाणे. पण बबनदादाच्या शब्दाला वाडीत मान होता. बारा यंत्रं आली. त्यानं अट घातली. एका घरात एकच यंत्र, आणि ज्याचं दार उघडं असेल त्याच्याच घरात. ती जुनी यंत्रं वीज जाऊन परत आली तरी आपोआप उठायची नाहीत. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते काय सांगायचं. यंत्राशेजारी माणूस पाहिजेच. अटीत खरी मेख ती होती.

आणि माणसं आली! सहाची बारा दारं झाली. गिरणीतून निवृत्त झालेला एक आला, रिक्षा विकून एक जोडपं आलं. नालासोपाऱ्याला सुनेच्या हाताखाली दिवस काढणारी पार्वतीकाकी आली. तिनं यंत्र ओटीवर ठेवून घेतलं आणि चार दिवसांत त्याच्या गरम वाऱ्यापुढं सूप मांडून मिरच्या वाळत टाकल्या. मी एकदा वर गेलो होतो तेव्हा तिनं मला ते दाखवलं. "हा मेला दिसभर बोंबलतो," म्हणाली. "पन माझं पोहं भर पावसात वाळवलान यानं. मुलगा इतकं करत नाय." बारावं दार उघडलं त्या सोमवारी बबनदादा कारखान्यात आला तो "बारा" म्हणतच. त्याचा तेवढा आनंदी चेहरा मी पुन्हा पाहिला नाही.

आता घोडं पेंड कुठं खात होतं ते सांगतो. पान सुटणं म्हणजे सोडतीसारखं. जगात यंत्रं इतकी की आमच्या बारांना शंभर वर्षांत एक पान लागलं असतं तरी नशीब. म्हणून लहान लहान यंत्रवाले टोळी करतात. सगळ्यांनी मिळून खपायचं, पान कुणालाही लागो, बिदागी वाटून घ्यायची. वनितानं हे सांगितलं आणि बबनदादा म्हणाला, "ही तर सावड."

सावड आमच्याकडे अजून थोडीफार चालते. लावणीला आज सगळी माझ्या शेतात, उद्या सगळी तुझ्या. शेत मोठं असो की टीचभर, एका घरचा एक माणूस. पाळी कुणाची कधी ते आधी ठरतं आणि ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. बबनदादाला वाटलं, कोकणातली जुनी रीत कुठल्यातरी शहाण्या माणसानं जगभर नेली. त्यानं हट्ट धरला की टोळीत बारा घरांची बारा नावं लागली पाहिजेत. एका नावावर बारा यंत्रं लावली तर ती सावड कसली, ती मालकी झाली. वनिता म्हणाली, "बाबा, तिथं घर मोजत नाय. यंत्राची ताकद मोजतात." हा ऐकेना. बारा नावं लागली.

मग तो पाळीची वाट पाहत बसला. दोन महिन्यांनी वनिताला म्हणाला, "त्यांना लिही गो पोरी, टेपवाडीची पाळी कवा?" ती आधी हसली, मग बिचारीनं खरंच इंग्रजीत लिहून धाडलं. उत्तर आलं ते सगळ्यांना जातं तेच, आपण संपर्क केल्याबद्दल आभार. ते पत्र त्यानं माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. शेवटी विचारलं, "म्हंजे माणसानं वाचलंच नाय हे?" मी म्हटलं, "नसेल वाचलं." तो टेस्टर कानामागं खोचून कामाला गेला.

पैसेही येईनात. टोळीचा नियम होता, अमुक रक्कम जमल्याशिवाय कुणाच्या नावावर काही सोडायचं नाही. एकाच नावावर बारा यंत्रं असती तर ती रक्कम केव्हाच भरली असती. बारा नावांत वाटली गेली आणि चार महिने एकही भरलं नाही. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. इथं तळ्याचा मालक म्हणत होता, आधी घागर भरून दाखवा. मोठ्याला रोज, लहानाला वाट बघ. वाडीत कुरकूर सुरू झाली, विजेची बिलं काही थांबत नव्हती. नाइलाजानं बारा नावांचं एक नाव करायचं ठरलं. कुणाचं? सगळे म्हणाले, बबनचं. तो कानावर हात ठेवून उभा राहिला. चिठ्ठ्या टाकल्या आणि पार्वतीकाकीचं नाव निघालं. सही न येणारी ती म्हातारी त्या जगभरच्या वहीत टेपवाडीची खातेदार झाली.

वर्षभर बरं चाललं. पण त्या धंद्याची एक रीत आहे, जगात कुठं कुणी नवं यंत्र लावलं की पार्वतीकाकीचा वाटा कमी होतो. तिनं काही न करता. आमची टोळी लहान होती. वनितानं मुद्दाम लहान निवडली होती. मोठ्या टोळीत सगळे गेले आणि निम्म्याहून जास्त पानं एकाच हातात गेली तर तो वहीत पाहिजे ते खोडू शकतो, असं ती म्हणायची. बबनदादाला ते पटलं होतं. पण मोठ्या टोळीत पैसे नेमानं येतात, लहानीत कधी येतात कधी नाही. लोकांनी काय करावं? जगभरचे लोक एकेक करून मोठीकडं गेले आणि आमची लहान टोळी एका दिवशी बंदच झाली. आम्हीही मोठीत गेलो. आता वही लिहिणाऱ्या मोठ्या टोळ्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या होत्या. बबनदादा कँटीनमध्ये उभ्यानं भाकरी खात म्हणाला, "आला की तलाठी." मी हसलो. तो हसला नाही. पळसाला पानं तीनच, दुसरं काय.

त्याच सुमारास तो निवृत्त झाला आणि त्याच सुमारास शेठ टेपवाडीत चढून आला. शेठ म्हणजे वसाहतीत कामगार पुरवणारा एक कंत्राटदार. त्यानं एक रिकामी शेड घेऊन ओळीनं यंत्रं लावली होती. शेठ वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत. चांगला शेतकऱ्याचा मुलगा, वाडीत गेला तो चपला बाहेर काढून बसला. म्हणाला, तुमची बारा यंत्रं माझ्या शेडमध्ये आणा. कारखान्याची वीज, पडते स्वस्त. वीज गेली तर जनरेटर. माझा माणूस बघेल. तुम्ही नालासोपाऱ्याला बसा नाही तर दिव्याला बसा, तुमचा वाटा फोनवर येईल.

देवळासमोर गावकी बसली. मी त्या दिवशी वर होतो, मला बबनदादानं मुद्दाम बोलावलं होतं. का, ते त्यानं सांगितलं नाही. बहुतेक बाजूला एक ओळखीचा माणूस असावा इतकंच. शेठनं हिशेब मांडला. वाडीत यंत्र चालवलं तर कमाई सगळी वीज खाते, खाली चालवलं तर दोन पैसे उरतात. सगळ्यांनी बबनदादाकडं पाहिलं. गिरणीवाला म्हणाला, "बबन, आमाला यातलं कळत नाय. तू सांग. खाली फायदा हाय का नाय?"

एक शब्द होता. नाय म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. शेठलासुद्धा त्यांनी परत पाठवलं असतं. मला मनातून वाटत होतं, म्हण. बबनदादानं खिशाला हात लावला. खिशातल्या कागदावर त्यानं आधीच तीनदा मांडून पाहिलं होतं, ते मला माहीत होतं.

"हाय," तो म्हणाला. "शेठचा हिशेब खरा हाय."

मग म्हणाला, "पन दारांचं काय?"

रिक्षावाल्याची बायको पदराशी चाळा करत बसली. पार्वतीकाकी म्हणाली, "माझ्या मिरच्या कशावर वाळवू रे?" आणि सगळे हसले. तिथंच ते ठरून गेलं.

खाली उतरताना मी त्याच्यावर चिडलो. अहो, एवढं दोन वर्षं उरी फुटून केलंत ते एका शब्दासाठी घालवलंत! खोटं बोलायला काय झालं होतं? तो माझ्यापुढं चालत होता, मागं न बघता म्हणाला, "तुमची मोटार जळत असती नि मी बरी हाय म्हटलं असतं, तर?" मला राग आला, अजून येतो. अशा माणसांमुळे दुसऱ्याची सोय होते आणि यांच्या घराला कुलूप लागतं.

यंत्रं खाली गेली आणि शेठनं त्यांच्याबरोबर बबनदादालाही नोकरीला ठेवलं. मी एकदा शेडमध्ये गेलो. आत आवाज असा की बोलणं ऐकू येईना, आणि उष्मा. एका कोपऱ्यात टेपवाडीची बारा यंत्रं वेगळी लावलेली. दोन ओळी, मधे वाट. मी विचारलं तर तो कानाशी येऊन ओरडून म्हणाला, "ही वरची आळी, ही खालची. हा गिरणीवाला, ही काकी. मधे देवळाची जागा सोडली हाय." शेठला त्यानं सांगितलं होतं की वारा खेळायला मोकळी जागा लागते. तेवढं खोटं तो बोलला होता. मी विचारलं, "वर किती?" त्यानं उजवा हात वर करून चार बोटं दाखवली. पार्वतीकाकी नालासोपाऱ्याला परत गेली होती. पुढच्या वेळी दोन बोटं. मग मी विचारायचं सोडलं, कारण उत्तर मला नको होतं.

शेठचंही फार दिवस टिकलं नाही. कुठल्याशा देशात धरणाच्या पायथ्याशी जवळजवळ फुकट विजेवर कुणीतरी आमच्या सगळ्या वसाहतीएवढी यंत्रं लावली आणि शेठचा वाटा पार्वतीकाकीच्या वाट्यासारखा झिजत गेला. एके दिवशी त्यानं बबनदादाला बोलावून अगदी सरळ सांगितलं, "दादा, परवडत नाही." वाडीत शेठनं सांगितला होता तोच हिशेब, फक्त आता शेठच्या जागी तो धरणवाला होता आणि वाडीच्या जागी शेठ. यंत्रं भंगारात निघाली. शेठ म्हणाला, तुमची बारा घेऊन जा, मला जागेचे पैसे नकोत. भला माणूस. बबनदादा म्हणाला, "न्हेऊन ठेवू कुठं? दारं बंद हायत." हे त्यानं मला सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता. रागासाठीही थोडा दम लागतो, तो त्याच्यात उरलेला नव्हता.

मग गुडघ्यांनी दगा दिला. चढण होईना, आणि वाडीत पाणी द्यायलाही दुसरं माणूस नाही. वनितानं मुंबईत खोली घेतली होती, ती येऊन हातापाया पडली. तो कबूल झाला.

जायच्या आदल्या दिवशी सकाळी तो महाडच्या बाजारात मला भेटला. म्हणाला, "मोहनराव, जरा या बरोबर. मला कुलूप घ्यायचं हाय." साठी उलटलेला माणूस, आयुष्यात कधी कुलूप घेतलं नव्हतं. घराला कडी होती, ती बाहेरून लावायची आणि जायचं. कुणीतरी वाडीत असायचंच.

हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फळीवर चार-पाच मांडली. एक जाडजूड पितळी उचलून म्हणाला, "हे घ्या काका. सात लिव्हरचं. करवतीनं कापत नाही, घणानं तुटत नाही. दहा वर्षं बघायला नको."

बबनदादानं ते हातात घेऊन पाहिलं आणि परत ठेवलं. "हलकं दे," म्हणाला.

"हलकं कशाला? घर बंद राहणार ना?"

"बंदच राहनार. म्हनून तर." तो शांतपणे समजावून सांगायला लागला, नव्या पोराला वायरिंग शिकवावं तसं. "मी मुंबईला, माझी किल्ली मुंबईला. मागं अवचित कोन आलं वाडीत, पार्वतीकाकी म्हन, गिरणीवाला म्हन, नि त्याचं सवताचं घर बसलेलं असंल, तर त्यानं भायेर बसायचं का? माझ्या घरात भांडी हायत, चूल हाय. दगडाच्या दोन ठोक्यांत तुटंल असं दे."

दुकानदार माझ्याकडं पाहायला लागला. मी दुसरीकडं पाहिलं. पार्वतीकाकी गेल्या श्रावणात नालासोपाऱ्यालाच वारली होती, आणि ते बबनदादाला माहीत होतं. तेराव्याला तोच तर जाऊन आला होता.

शेवटी दुकानदारानं खालच्या डब्यातून एक पातळ पत्र्याचं कुलूप काढून दिलं, गोठ्याला लावतात तसलं. बबनदादानं ते लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, अंगठ्यानं त्याची कडी वाकवून पाहिली. ती जराशी वाकली.

"हे चालंल," तो म्हणाला.